महिना उलटला तरी चिकट: एका शिसवी टेबलाचं प्रकरण

तक्रार अशी होती: लिहिण्याच्या टेबलाला जवसाचं तेल लावून महिना उलटला, तरी वरची फळी हाताला चिकटते. वही ठेवून उचलली की चर्र आवाज येतो. कोपर टेकलं की बाहीवर पिवळट डाग पडतो. त्याच दिवशी, त्याच डब्यातलं तेल टेबलाच्या पायांनाही लावलं होतं आणि पाय मात्र दोन-तीन दिवसांत कोरडे ठणठणीत झाले होते.

पायांची ही गोष्ट मालकीणबाईंनी जाता जाता सांगितली. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा धागा तिथेच होता. तेल खराब असतं तर पायही चिकट राहिले असते. हवा दमट किंवा थंड असती, तरी पाय आणि फळी यांच्यात एवढा फरक पडला नसता. मग वरच्या फळीवर वेगळं काय घडलं होतं?

टेबल जुनं होतं, पण एकाच लाकडाचं नव्हतं. वरचा भाग तीन शिसवी फळ्या जोडून केलेला, पाय आणि चौकट शिवण या झाडाच्या लाकडाची, खाली दोन खण. जुनं पॉलिश घासून काढून बाईंनी स्वतः तेल लावलं होतं आणि घासायचं काम फार छान केलं होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासलेलं, कुठे आडवा ओरखडा नाही. तेल लावताना मात्र त्यांनी लाकडाची तहान भागवायचं मनावर घेतलं होतं. “दादा, लाकूड पीत होतं, म्हणून मी पाजत गेले,” असं त्या म्हणाल्या. पहिला हात भरपूर दिला, तो पुसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओलसर असतानाच वर दुसरा दिला.

चिकटपणा जात नाही म्हटल्यावर त्यांनी तीन उपाय केले होते. टेबल उन्हात ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत फळीवर तेलाचे बारीक बारीक थेंब आले. लाकूड तापलं की रंध्रांतलं तेल आणि हवा दोन्ही फुगतात आणि तेल वर ढकललं जातं. नंतर टाल्कम पावडर भुरभुरली, तेव्हा दोन दिवस हात चिकटला नाही, पण पावडर अर्धवट सुकलेल्या तेलात रुतली आणि काळपट लाकडाच्या रंध्रांत पांढरे ठिपके बसले. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून पुन्हा एक हात तेल दिलं. या उपायात तथ्य आहे, पण वेळेत केला तरच. तेल लावून काही तास झाले असतील आणि ते नुकतं घट्ट होऊ लागलं असेल, तर ताजं तेल ते सैल करतं आणि मग दोन्ही एकदम पुसून काढता येतं. तीन आठवड्यांनी दिलेला आणि न पुसलेला हात म्हणजे आधीच्या थरावर आणखी एक थर, एवढंच.

फळी वाचताना

मी आधी फळीला काहीही लावलं नाही. फक्त पाहिलं आणि हात फिरवला. टॉर्च फळीलगत आडवी धरली की तिरप्या उजेडात दिसतं: रंध्रांच्या तोंडाशी चकचकीत टिपके, मध्ये कुठे कुठे सुरकुतलेली साय. नख दाबलं तर खूण उमटते आणि तशीच राहते. वास जवसाचा, किंचित खवट.

मधल्या फळीच्या एका कडेला, साधारण दोन बोटं रुंदीची, फिकट पिवळसर पट्टी होती. शिसवीत सालीकडचं लाकूड असं पांढुरकं असतं आणि गाभा जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेघा. सुतार शक्यतो ही पट्टी काढून टाकतात, इथे ती राहिली होती. फळीवरून बोट आडवं ओढत नेलं. गडद भागावर ते अडखळत, ओढ घेत सरकत होतं. पांढऱ्या पट्टीवर आलं आणि सुळकन पुढे गेलं. पट्टी ओलांडली की पुन्हा अडखळायला लागलं. मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि बाईंनाही करायला लावलं.

म्हणजे तेच तेल, तोच जाडजूड हात, तीच खोली, एवढंच नव्हे तर तीच फळी. सालीकडचं लाकूड कोरडं आणि गाभा चिकट. आता लाकडाकडेच बोट दाखवावं लागत होतं. पण केवळ संशयावर एवढी मोठी फळी तासायला घेणं बरोबर नाही. तेल, हात आणि लाकूड या तिघांतल्या कोणाचा किती वाटा आहे हे ठरवायची अगदी सोपी रीत आहे, आणि तेलाचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ती शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. लागते फक्त एक काच.

स्वच्छ काचेच्या तुकड्यावर चार डाग केले. पहिला डाग नुसत्या तेलाचा, बोटाने पातळ पसरलेला. दुसराही नुसत्या तेलाचा, पण जाड थेंब तसाच ठेवलेला. तिसऱ्यात तेलात शिसवीच्या गाभ्याचा भुसा कालवला. चौथ्यात शिवणीचा. शिसवीचा भुसा फळीच्या खालच्या, तेल न लागलेल्या बाजूने मिळाला. काच खिडकीपाशी, हवेशीर जागी ठेवली.

पातळ डाग दुसऱ्या दिवशी सुकला. याचा अर्थ डब्यातलं तेल निर्दोष. हे ‘बॉइल्ड’ प्रकारचं जवसाचं तेल होतं, म्हणजे कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंची संयुगं घालून लवकर सुकेल असं केलेलं. साधं कच्चं तेल असतं तर काचेवर आठवडा सहज लागला असता. जाड थेंबावर साय धरली, तिला सुरकुत्या पडल्या आणि टाचणीने टोचलं तर आत तेल पातळच. शिवणीचा भुसा तेलात घट्ट बसला. शिसवीच्या भुशाने तेलाला जांभळट रंग आणला आणि ते दोन दिवसांनी पाहिलं तर ओलं, चार दिवसांनी पाहिलं तरी बोटाला लागत होतं.

शिवाय फळीच्या खालच्या बाजूला हातभर जागा घासून तिथे तेलाचा अगदी पातळ हात दिला आणि पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुरता पुसून काढला. गाभ्यावर तोही लवकर सुकला नाही, पण आठवडा उलटल्यावर हळूहळू कोरडा होत गेला. निदान झालं: लाकूड तेलाला सुकू देत नव्हतं, आणि जाड थरामुळे जे उशिरा झालं असतं ते कधीच होणार नव्हतं.

लाकूड तेलाला अडवतं कसं

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचं वजन सुकताना उलट वाढतं. या तेलातल्या मेदाम्लांपैकी निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात. ऑक्सिजन या बंधांशेजारी शिरतो, तिथून अतिक्रियाशील मुक्त मूलकं तयार होतात, ती शेजारच्या रेणूला जाऊन भिडतात, आणि एकाचा हात दुसऱ्याने धरावा तसे रेणू एकमेकांत गुंततात. हे जाळं पुरेसं विणलं गेलं की तेलाचा पदर घट्ट होतो. खोबरेल, शेंगदाणा किंवा खनिज तेल यांच्यात असं जाळं धरण्याजोगे बंध नसतात किंवा फार थोडे असतात, म्हणून ती लाकडावर कधीच सुकत नाहीत. चिकट फर्निचर पाहायला गेलो की मी पहिला प्रश्न डब्यात नक्की कोणतं तेल आहे हाच विचारतो.

शिसवीच्या गाभ्यात फेनॉल गटातली संयुगं भरपूर असतात. झाडाने ती स्वतःच्या रक्षणासाठी साठवलेली असतात. बुरशी आणि किडीपासून शिसव टिकते ती त्यांच्यामुळेच. नेमकी हीच संयुगं तेलातली मुक्त मूलकं पकडून निकामी करतात. रेणू एकमेकांत गुंतण्याची साखळी सुरू होण्याआधीच तुटते. सालीकडच्या पांढऱ्या लाकडात ती जवळपास नसतात, म्हणून तिथे तेल बिनबोभाट सुकलं. सागाच्या गाभ्यातही तेल सुकायला असा अडथळा येतो.

पण ही संयुगं वापरली जातात, संपतात. फळीच्या खालच्या बाजूचा पातळ हात उशिरा का होईना सुकला तो म्हणून. वरची बाजूही पातळ लावून पुसलेली असती, तर मी फक्त थांबा म्हटलं असतं: पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा, टेबल वापरू नका. इथे रंध्रांत तेल तुडुंब भरलेलं, वरून सायीने हवा अडवलेली आणि खालून लाकडातली ही संयुगं झिरपत असलेली. थांबून उपयोग नव्हता.

तेल काढणं

बाईंचा पहिला प्रश्न होता, “पॉलिश पेपरनेच काढू या ना?” अर्धवट सुकलेल्या तेलावर कागद दोन हात मारताच गच्च भरतो आणि मग चिकट गोळ्या फळीवर घासत बसतो. आधी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं फळीच्या एका भागावर थोडा वेळ ठेवून साय मऊ केली. मग बोथट प्लास्टिकच्या पट्टीने ती रेषेच्या दिशेने ओढून काढली. मागोमाग नायलॉनचा खरखरीत पॅड आणि लगेच कोरडं फडकं. टर्पेंटाइनमध्ये सैल झालेलं तेल पुसलं नाही तर ते जागच्या जागी पुन्हा बसतं, म्हणून एका वेळी हातभरच जागा घ्यायची. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या.

जिथे थर घट्ट झाला होता तिथे टर्पेंटाइनला दाद मिळाली नाही. सुकलेल्या तेलाचं जाळं त्यात विरघळत नाही, फार तर फुगतं. तिथे धार लावलेला पातळ पोलादी स्क्रॅपर चालवला. लोखंडी तारेचा काथ्या मी इथे हाती धरला नाही. त्याचे तुकडे रंध्रांत अडकतात, पुढे ओल लागली की गंजतात आणि टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडावर काळे डाग देतात.

खरा वेळ रंध्रांनी खाल्ला. ताठ नायलॉनच्या ब्रशने टर्पेंटाइन आत घालायचं, फडक्याने टिपायचं, थोडं थांबायचं, आणि तेल परत वर आलं की पुन्हा टिपायचं. पहिल्या दिवशी दर तासाला टिपके उगवत होते. ते ओले असतानाच टिपले तर निघून जातात, रात्रभर राहिले तर कडक दाणे होतात आणि मग खरवडावे लागतात. टिपणं सोपं आहे, पण ते सोडून चालत नाही. टिपके यायचे थांबल्यासारखे वाटल्यावर टिश्यू पेपर पसरून वर सपाट ओझं ठेवलं आणि रात्रभर राहू दिलं. सकाळी कागदावर एकही पारदर्शक ठिपका नसेल तर पुढे जायचं, असेल तर नाही. इथे पहिल्यांदा ठिपके आले. ते यायचे थांबेपर्यंत आम्ही थांबलो.

या सगळ्यात तेलाने भिजलेल्या फडक्यांचा ढीग साठत होता, आणि त्याकडे दुर्लक्ष केलेलं मला खपत नाही. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते. फळीवर ती हवेत निघून जाते. चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती कोंडते, तापमान वाढतं, तसं सुकणं आणखी वेगाने होतं आणि कुठल्याही ठिणगीशिवाय ढीग पेट घेतो. अमेरिकेत फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘वन मेरिडियन प्लाझा’ ही ३८ मजली इमारत पेटली, ती लाकडावर वापरलेल्या जवस तेलाच्या फडक्यांमुळे. त्या आगीत अग्निशमन दलाचे ३ जवान गेले. आम्ही प्रत्येक फडकं उघड्यावर, एकेक पदर मोकळा करून वाळत घातलं आणि पुरतं कडक झाल्यावरच टाकलं. जागा नसेल तर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

आता फळीवर काय द्यायचं

पुन्हा नुसतं तेल दिलं तर पुन्हा तेच. तेल आणि गाभा यांच्यामध्ये आडपडदा हवा होता, आणि त्यासाठी लाखेसारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि स्पिरिट उडालं की सुकते. तिला ऑक्सिजन लागत नाही, त्यामुळे शिसवीतली संयुगं तिचं काही वाकडं करू शकत नाहीत. मेण काढलेला चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, घेतला, कारण नेहमीच्या चपड्यातल्या मेणावर पुढचं वार्निश नीट धरत नाही. प्रमाण पातळ: १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम चपडा, ताजा भिजवलेला आणि गाळलेला. जुनं द्रावण नीट सुकत नाही आणि एक चिकट थर काढून दुसरा बसवण्यात अर्थ नाही.

इथे पांढऱ्या पट्टीची काळजी घ्यावी लागली. स्पिरिट शिसवीचा जांभळा रंग सोडवतं, आणि भिजलेलं फडकं गडद भागावरून पट्टीवर नेलं तर तिच्यावर कायमचा जांभळट ओघळ बसतो. म्हणून आधी बारीक ब्रशने फक्त पट्टीवर लाख दिली आणि सुकू दिली. मग गडद भागावर, नेहमी रेषेच्या दिशेने, आडवा हात न नेता. दोन पातळ हात पुरले. याच कारणाने मी ॲसिटोनने फळी पुसायचा उपाय केला नाही. शिसवी, सागवानी लाकडांवर तो पुष्कळ जण सुचवतात. त्याने वरचीच संयुगं निघतात, आतली पुन्हा वर येतात, आणि इथे पट्टीचा रंग बिघडला असता तो वेगळाच.

लाखेवर दिलेलं तेल लाकडात मुरत नाही, वर बसतं, आणि नुसत्या तेलाचा पदर मऊ असतो. उलट लाख उघडी ठेवली तर गरम भांड्याने आणि स्पिरिटने खराब होते. लिहिण्याच्या टेबलावर चहाचा कप येणारच. बाईंना प्लास्टिकसारखी चकाकी नको होती, लाकडाचा स्पर्श हवा होता, आणि ती मागणी मला रास्त वाटते. म्हणून तेलावर आधारित वार्निश तेवढ्याच टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने तीन हात दिले. प्रत्येक हातानंतर रात्रभर थांबून ४०० नंबरच्या कागदाने हलकेच घासलं. रंध्रं उघडी राहिली, म्हणून फळी तेल दिल्यासारखीच दिसते. बोटाला किंचित जास्त गुळगुळीत लागते, एवढाच फरक.

खणांचं काम थोडक्यात आटोपलं. त्यांच्या आतही तेल लावलं होतं. ते शिवणीचे, त्यामुळे सुकले होते, पण उघडले की खवट वास यायचा. तेल सुकताना ॲल्डिहाइडसारखी वासाची संयुगं बाहेर पडतात, आणि बंद खणात त्यांना जायला वाट नसते. खण बाहेर काढून, टर्पेंटाइनने पुसून, वारा लागेल असे ठेवले आणि मग आतून लाखेचे दोन हात दिले. लाख वास कोंडून ठेवते. खणाच्या आत तेल कधीच लावू नये. बाहेरून हवं तेवढं लावा.

टेबल आता रोजच्या वापरात आहे. उजव्या कोपऱ्यात, जिथे टाल्कम पावडर सगळ्यात जास्त पडली होती, तिथे काही रंध्रांतले पांढरे ठिपके निघाले नाहीत. ते काढायचे तर फळी तेवढ्याच जागी खोल तासावी लागली असती आणि लिहिताना हाताला खळगा लागला असता. मी गडद रंगाचं मेण चोळून ते झाकले. उजेड तिरपा पडला की अजून दिसतात.

पाय आणि चौकट तेलावरच ठेवली आहे, कारण शिवणीवर तेल उत्तम बसलं होतं आणि चांगल्या कामाला हात लावायचं कारण नव्हतं. लाकूड कोरडं, निस्तेज दिसायला लागलं की पायांना एक पातळ हात द्यायचा, पाव तासाने पुरता पुसायचा आणि ते फडकं वरच्या फळीवर अजिबात फिरवायचं नाही. फळीला ओलसर कापड आणि लगेच कोरडं कापड, एवढंच पुरे. वार्निश कुठे झिजलं, तर तेवढ्याच जागी ४०० नंबरचा कागद हलका फिरवून पातळ वार्निशचा हात द्यावा. झीज लाखेच्याही खाली, उघड्या शिसवीपर्यंत पोचली असेल तर आधी लाख, मग वार्निश.